पाठीसाठी दोन इंग्रजी शब्द

भंडारा जिल्ह्यात, आंबागड किल्ल्याच्या पायथ्याशी असलेल्या एका गावात माझी बदली झाली तेव्हा मी पंचेचाळिशी ओलांडली होती. हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवायचं होतं. त्याआधी मी वर्ध्याला होते. वर्ध्यालाच माझं लग्न झालं आणि तिथेच ते संपलं. नंतर ओळखीच्या रस्त्यांवरून चालणं नको झालं. बदलीची वेळ आली तेव्हा मी आपण होऊन लांबचं ठिकाण मागितलं. सहकाऱ्यांना वाटलं, बाईंचं डोकं फिरलं. तुमसरच्याही पुढचं, जंगलाला लागून असलेलं गाव कोणी मागून घेत नाही.

मुख्याध्यापकांनी माझ्यासाठी गावाच्या टोकाला एक घर पाहून ठेवलं होतं. कौलारू घर, समोर छपरी म्हणजे उघडी पडवी, बाजूला अंगण, आणि अंगणाच्या पलीकडे मालकिणीच्या मुलानं बांधलेल्या दोन स्लॅबच्या खोल्या. त्या खोल्यांत मी राहायचं. कौलारू घरात मालकीण एकटीच राहत होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी नागपूरला दिलेली, मुलगा ऑस्ट्रेलियात.

सामान घेऊन गेले तेव्हा मालकीणबाई अंगणात उभ्या होत्या. मला वाटलं, खाली पडलेलं काही शोधताहेत. थोडा वेळ मी थांबले, मग लक्षात आलं की त्या नुसत्याच उभ्या आहेत. कमरेच्या वरून पाठ अशी पुढे आली होती की चेहरा जमिनीकडेच राही. हातात काठी होती. त्यांनी आधी माझे पाय पाहिले.

"आल्या का बाई? या. चपला त नव्याच दिसून राहिल्या."

वयानं त्या पंचाहत्तरीच्या आसपास असाव्यात. मी त्यांना मावशी म्हणायला लागले. त्या मला शेवटपर्यंत बाईच म्हणत राहिल्या.

मावशी गावातली माणसं पायांवरून ओळखत. टाचा, चपला, धोतराचा काठ, चालण्याचा आवाज एवढं त्यांना पुरे असे. माझा चेहरा त्यांनी पहिल्यांदा नीट पाहिला तो बऱ्याच दिवसांनी, दोघी छपरीत खाली बसलो होतो तेव्हा. बसल्यावर भिंतीला टेकून त्यांना मान थोडी वर करता येई. त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "आवाजावरून जाड वाटे तुमी."

पहिले काही महिने आमचं बोलणं बेताचंच होतं. शाळा सुटली की मी खोलीवर येई, एकटीपुरता कुकर लावी. अंगणापलीकडे त्यांची चूल पेटलेली दिसे. एका अंगणात दोन माणसं, आणि दोघींचा भात वेगळा शिजायचा. कधी त्या काठीनं माझ्या पायरीवर टकटक करून वाटीभर भाजी ठेवून जात. दार उघडेपर्यंत त्या परत निघालेल्या असत. मग मी वाटी धुऊन त्यात काहीतरी घालून परत द्यायची. गावातल्या बायका मला विचारायच्या, साहेब कुठं असतात, मुलं किती. मावशींनी काहीच विचारलं नव्हतं. सुरुवातीला ते बरं वाटायचं. पुढे पुढे वाटायला लागलं, एखादीनं तरी विचारावं.

रविवारचा दिवस त्यांचा मोठा. सकाळीच अंघोळ करून धुतलेलं लुगडं नेसत. नऊच्या सुमाराला मुलाचा व्हिडिओ कॉल येई. त्याआधी खाटेवर गादीची वळकटी, त्यावर दोन उशा रचून त्या पाठ टेकवून आडव्या होत, म्हणजे तोंड वर येई. मोबाइल स्टुलावर पितळी डब्याला टेकवून ठेवलेला. त्याच्या रेंजची भानगड झाली की त्या मला हाक मारत, आणि मी जाऊन ती नीट करून देई. त्यामुळे मुलगा मला ओळखत होता. पडद्यावर त्याला आईचा हसरा चेहरा दिसायचा. पाठ उशांमध्ये दडलेली असायची.

"त्याला माहीत नाही का?" मी एकदा विचारलं.

"काय?"

"तुमच्या पाठीचं."

"थोडी वाकली, हे मालूम हाय त्याले. थो गेला तवा थोडीच होती." मग म्हणाल्या, "तिकडे बसून थो काय करन, बाई? फुकट जीवाले घोर."

मुलाला सात-आठ वर्षांची मुलगी होती. तिचा जन्म तिकडचा. तिला मराठी समजायचं, पण बोलायची ती इंग्रजीच. आजी आणि नात एकमेकींकडे पाहून हसत, हात हलवत. आजी विचारी, जेवली का. नात म्हणे, येस आजी. यापुढे त्यांची गाडी जात नसे.

पावसाळा सरत आला होता. त्या रविवारी मावशींच्या कोंबडीनं पिल्लं काढली होती, आणि हे नातीला कधी दाखवीन असं त्यांना झालं होतं. कॉल लागताच त्या पिल्लांचं सांगू लागल्या. नातीनं हट्ट धरला की आत्ताच दाखव. मावशी उठल्या, मोबाइल माझ्या हातात दिला, "बाई, धरा हे," म्हणाल्या आणि काठी न घेताच अंगणात गेल्या. मी मागचा कॅमेरा लावून मोबाइल धरला आणि मागे गेले. त्या कोंबडीला चुचकारत अंगणभर फिरत होत्या, एक हात गुडघ्यावर, तोंड जमिनीकडे. पडद्यावर पहिल्यांदाच त्या पूर्ण दिसत होत्या.

पोरगी ओरडली, "पप्पा, लुक! आजी इज बेंट! व्हाय इज शी बेंट?"

लगेच बापाचा आवाज आला, "स्टॉप इट. वी डोन्ट से दॅट." मुलगी आणखी काही सांगू पाहत होती. त्यानं तिला बोलू दिलं नाही. मग त्याचा चेहरा पडद्यावर आला. तो माझ्याकडे पाहत नव्हता. मी धरलेल्या मोबाइलमधून अंगणात पाहत होता.

"मॅडम, मी नंतर बोलतो," तो म्हणाला, आणि कॉल बंद झाला.

मावशी पिल्लू ओंजळीत घेऊन वळल्या तेव्हा माझ्या हातातला पडदा काळा होता.

"गेली?"

"नंतर बोलतो म्हणाला."

त्यांनी पिल्लू खाली सोडलं. छपरीत येऊन बसल्या, भिंतीला टेकल्या. "पोरगी काय म्हणली, बाई? बाप कायले रागावला?"

मी म्हटलं, "ती म्हणाली, आजी बेंट आहे."

"म्हणजे?"

"वाकलेली."

त्या हसल्या. "मंग खोटं काय हाय त्यात? उगाच झापलं लेकराले." पण त्यांचं हसू लवकर संपलं. अंगणात पिल्लं चिवचिवत होती. मग त्या म्हणाल्या, "तिनं पाह्यलं म्हणजे त्यानं पण पाह्यलं."

"हो."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी शाळेतून आले तर माझ्या पायरीवर बसलेल्या. मला म्हणाल्या, "बाई, त्या बेनशिवाय दुसरा शब्द नाई का इंग्रजीत? आपल्यात वाकडं वेगळं, वाकलेलं वेगळं. वाकडं म्हणलं का माणसाले राग येते."

त्या बेंटला बेन म्हणत. मी म्हटलं, आहे ना, कर्व्ह्ड आहे. त्याचं त्यांनी करव केलं.

"मंग फरक काय दोघांत?"

वर्गात असा प्रश्न विचारणारं कोणी भेटत नाही. मी जरा विचार करून सांगितलं. बेंट म्हणजे जे आधी सरळ होतं आणि मग कशानं तरी वाकलं. जोर लागला, वजन पडलं, ठोकलं गेलं. बहुतेक वेळा ते कुठे वाकलं ती जागाही दाखवता येते. कर्व्ह्ड म्हणजे ज्याला गोलाई आहे. त्यात कोपरा नसतो. ते घडवतानाच तसं घडवलेलं असेल किंवा मुळातच तसं असेल. ते आधी सरळ होतं का, हे तो शब्द सांगत नाही.

"विळा?"

"कर्व्ह्ड."

"ठोकताना वाकडा झालेला खिळा?"

"बेंट."

"म्हशीचं शिंग करव," त्या स्वतःच म्हणाल्या. दाराशेजारच्या कोपऱ्यात माझी छत्री होती. तिची मूठ वळलेली, आणि वाऱ्यानं एक काडी दुमडलेली. मावशींनी काठीनं आधी मूठ दाखवली, "करव," मग काडी, "बेन."

मी टाळी वाजवली आणि दोघी हसलो. माझ्या दाराशी बऱ्याच दिवसांनी कोणी हसलं होतं.

मग तो आमचा रोजचाच उद्योग झाला. मी शाळेतून आले की त्या काहीतरी घेऊन येत. चेपलेला चमचा, पोह्याची चाळणी, चिमटा. आता भाजीची वाटी पायरीवर ठेवून त्या जात नसत, आत येऊन बसत. आमचा भातही एकत्र शिजू लागला, कधी त्यांच्या चुलीवर, कधी माझ्या कुकरमध्ये. त्या शिकायला हुशार होत्या असं नाही. बऱ्याचदा उलटंपालटं सांगत आणि वर भांडत. नदीच्या वळणाला त्या बेंट म्हणाल्या आणि काही केल्या ऐकेनात. नदीला डोंगरानं अडवलं म्हणूनच ती वळली, हे त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, नदीच्या वळणाला बेंड म्हणतात, पण नदीला कर्व्ह्ड म्हणतात. त्या वैतागल्या.

धान पिकायला आलं होतं. घरामागच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या शेतात, लोंब्या खाली लवल्या होत्या. त्यांनी विचारलं, "हे?"

मी अडकले. दाण्याच्या वजनानं वाकल्या म्हणून बेंट म्हणावं, की एवढी सुरेख गोलाई आहे म्हणून कर्व्ह्ड? मोबाइलवरचा शब्दकोश काढला, त्यातही काही मिळालं नाही. शेवटी म्हटलं, "दोन्ही चालेल."

"दोनी चालते त मंग शिकवता कायले, बाई?"

एका संध्याकाळी त्या तांदूळ निवडत होत्या. मी समोर बसले होते. मान खालीच ठेवून त्यांनी विचारलं, "तुमचं काय झालं, बाई? घरचं?"

मी ताटातला एक खडा उचलून बाजूला टाकला.

"वाकलं का मोडलं?"

"मोडलं," मी म्हटलं.

त्यांनी पुढे विचारलं नाही. मीच सांगितलं. खूप सांगितलं, आधी कोणालाच न सांगितलेलं. त्या तांदूळ निवडत राहिल्या. माझं संपलं तेव्हा ताटातले तांदूळही निवडून संपले होते, पण त्यांनी ते पुन्हा ताटभर पसरले आणि पुन्हा निवडायला घेतले. मग त्यांनी आपलं सांगितलं. तलावाच्या पायरीवरून डोक्यावर धुण्याची पाटी घेऊन घसरल्या होत्या. पाठीत काहीतरी कट्‌ झालं. नवरा नुकताच गेलेला. मुलगा शिकायला बाहेर, मुलीचं लग्न ठरलेलं. रोवण्याचे, म्हणजे धानाच्या लावणीचे दिवस होते. दोन दिवस पडून राहिल्या आणि तिसऱ्या दिवशी चिखलात उतरून रोवणा केला.

"म्हणजे मी बेनच, बाई. जागा दाखवता येते," असं म्हणून त्यांनी हात मागे नेला, पण तो तिथपर्यंत पोचला नाही.

त्यांच्या मुलाचा फोन मला शाळेत आला, मधल्या सुट्टीत. तो आधी बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, "मॅडम, आईची पाठ केव्हापासून अशी आहे?" मी म्हटलं, मी आले तेव्हापासून तर अशीच आहे. "तुम्ही तिला भंडाऱ्याला डॉक्टरांकडे घेऊन जाल का?" तो म्हणाला.

आम्ही एसटीनं तुमसरला आणि तिथून भंडाऱ्याला गेलो. मावशींना खिडकीजवळ बसवलं. बसलेल्या असल्यामुळे त्यांना बाहेरचं सगळं दिसत होतं, आणि त्या लहान मुलीसारख्या पाहत होत्या. उभ्यानं चालताना त्यांना झाडांची मुळंच दिसायची. आता त्या मला शेंडे दाखवत होत्या.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी एक्स-रे काढायला लावला, फिल्म उजेडापुढे धरली आणि माझ्याकडे पाहून इंग्रजीत बोलू लागले. मणका दबलेला आहे, जुनं फ्रॅक्चर आहे, त्यामुळे कर्व्हेचर वाढत गेलं.

"करव म्हणले नं?" मावशी एकदम म्हणाल्या.

डॉक्टरांना कळेना. मावशींनी त्यांना विचारलं, "डॉक्टर, मी बेन का करव?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, त्या विचारताहेत की पाठ बेंट आहे की कर्व्ह्ड. डॉक्टर हसले नाहीत, याचं मला बरं वाटलं. ते म्हणाले, "आजी, काही म्हणा. पण आता ती सरळ होणार नाही. आणखी वाकू नये म्हणून औषध देतो. पडायचं मात्र नाही. एकटं राहू नका."

बाहेर कंपाउंडरनं मला विचारलं, "तुम्ही पेशंटच्या कोण?"

मी काही बोलायच्या आत मावशी म्हणाल्या, "बाई हायेत. शाळेच्या. इंग्रजीच्या."

बरोबरच होतं ते. तरी ते मला लागलं. औषधाच्या दुकानापर्यंत मी त्यांचा हात न धरता चालत गेले. त्यांच्या लक्षातही आलं नसावं.

परत निघायच्या आधी त्या म्हणाल्या, "एवढं आलो, त गंगा पाहून जाऊ." आम्ही ऑटो करून कारध्याच्या पुलाकडे गेलो. ऑटोतून न उतरता त्यांनी वैनगंगा पाहिली. पाणी संथ होतं, उन्हात चकाकत होतं. लग्न होऊन याच बाजूनं आले होते, त्या म्हणाल्या, तेव्हा डोंग्यातून पार केली होती. ऑटोवाला घाई करत होता. त्या म्हणाल्या, "थांब नं बापू," आणि पाहत राहिल्या.

हिवाळ्यात मुलगा आला, नातीला घेऊन. सून तिकडेच राहिली होती, तिला रजा नव्हती. मावशींनी आठवडाभर आधीपासून एक वाक्य पाठ केलं होतं. आय ॲम नॉट बेंट, आय ॲम कर्व्ह्ड. माझ्याकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलं. बेनचं बेंट झालं, करव मात्र करवच राहिलं. "लेकराले वाईट शब्द बोलली म्हणून बोलणी बसली," त्या म्हणायच्या. "तिले चांगला शब्द माह्या तोंडून भेटला पायजे."

गाडी दारात थांबली. मी माझ्या खोलीच्या दारातच थांबले होते. आपण त्या घटकेत कशाला, असं वाटलं. मुलगा उतरला, आईच्या पाया पडायला वाकला, आणि तसाच वाकलेला राहिला, तिच्या तोंडासमोर तोंड आणून. दोघं रडत होते. मग नात उतरली. ती मावशींपुढे येऊन उभी राहिली. तेव्हा मी पाहिलं की तिला वाकावं लागलं नाही आणि मावशींना मान वर करावी लागली नाही. दोघींचे चेहरे समोरासमोर होते.

मुलीनं आजीच्या पायाजवळ पाहिलं, इकडेतिकडे पाहिलं आणि इंग्रजीत विचारलं, "आजी, काय हरवलंय? मी शोधू?"

मीही अंगणात उतरले होते. मला त्या क्षणी समजलं, आणि मुलालाही समजलं असावं, की त्या रविवारी ती काय विचारत होती. आजी बेंट आहे, म्हणजे आजी वाकून काहीतरी शोधते आहे. ती का वाकली आहे, एवढंच तिला विचारायचं होतं. तिला वाटलं होतं, सापडलं की आजी उभी राहील.

मावशींना इंग्रजी कळलं नव्हतं. पण त्यांचं वाक्य तयार होतं. काठीवर दोन्ही हात ठेवून त्या म्हणाल्या, "आय ॲम नॉट बेंट. आय ॲम करव."

मुलगी त्यांच्याकडे पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "लाइक, फॉरएव्हर?"

मावशींनी माझ्याकडे, म्हणजे माझ्या पायांकडे पाहिलं. "काय म्हणते, बाई?"

"कायमच्या का, असं विचारते."

"हो म्हणा."

मी तिला हो म्हटलं. ती रडली नाही. तिनं वडिलांकडे एकदा पाहिलं, मग आजीचा हात काठीवरून काढून आपल्या खांद्यावर ठेवला आणि तिला घरात घेऊन गेली. तो खांदा बरोबर उंचीचा होता. पुढचे सगळे दिवस मावशींनी काठी वापरली नाही. दोघी कोंबड्यांमागे हिंडायच्या, चुलीपुढे बसायच्या. काय बोलायच्या कोण जाणे. मला त्यांनी मधे बोलावलं नाही, बोलावण्याची गरजही पडत नव्हती. मी पुन्हा एकटीपुरता कुकर लावू लागले.

नागपूरहून मावशींची मुलगीही येऊन गेली. बहीणभावांचं ठरलं की आईला आता इथे ठेवायचं नाही. मुलीकडे न्यायचं. तिथे लिफ्ट आहे, दवाखाना जवळ आहे. ऑस्ट्रेलियाचं पुढे बघू. मुलगा मला हे सांगायला आला तेव्हा संकोचला होता. "मॅडम, तुम्ही होतात म्हणून कळलं. नाहीतर मला कधी कळलंच नसतं," तो म्हणाला. मी म्हटलं, तुमच्या मुलीमुळे कळलं.

जायच्या आदल्या दुपारी मावशी माझ्याकडे आल्या. पायरीवर बसल्या. बराच वेळ ओच्याशी चाळा करत राहिल्या.

"जाऊ का, बाई?"

मला म्हणायचं होतं, नका जाऊ. डॉक्टरांनी एकटं राहू नका म्हटलं होतं, पण इथे त्या एकट्या कुठे होत्या? हे तोंडापर्यंत आलं. पण मी दिवसभर शाळेत असायची. त्या अंगणात पडल्या असत्या तर संध्याकाळपर्यंत कोणाला कळलं नसतं. मी म्हटलं, "जा मावशी. पोरगी आहे, जावई चांगला आहे."

"तुमचं कसं?"

"माझं काय? शाळा आहे."

"हव," त्या म्हणाल्या. "शाळा हाय."

दुसऱ्या दिवशी त्या गेल्या. कोंबड्या शेजारी दिल्या.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी नागपूरला त्यांना भेटून आले. मुलीनं प्रेमानं जेवू घातलं. मावशी बऱ्या दिसत होत्या, अंगावर थोडं मांस आलं होतं. इमारतीतल्या चार म्हाताऱ्या संध्याकाळी खाली जमतात, त्यांत एक तेलुगू आहे. तिच्याशी त्यांचं मेतकूट जमलं होतं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. त्यांनी मला खाली नेलं आणि सगळ्यांना सांगितलं, ह्या आमच्या गावच्या बाई. मग ती तेलुगू बाई आली आणि त्यांच्या गप्पा हातवाऱ्यांनी सुरू झाल्या. मी बाकावर बसून पाहत होते. निघताना त्या म्हणाल्या, "येत राहा." मी हो म्हटलं. त्यानंतर अजून जाणं झालेलं नाही.

मुलानं मध्यंतरी फोन करून विचारलं, समोरचं घर बंद राहून खराब होतं, तुम्हीच तिकडे राहता का? मी माझी खाट आणि भांडी कौलारू घरात नेली. धुणंपुसणं केलं, चूल सारवली, कोळ्यांची जाळी काढली. दिवेलागणीला छपरीतला बल्ब लावला. बऱ्याच महिन्यांनी त्या घरात उजेड दिसला असणार, कारण तलावाकडून येणारी एक बाई रस्त्यावरच थबकली. डोक्यावर सरपणाचा भारा होता.

"कोण हाय वं घरात?" तिनं हाक दिली.

"मी आहे," मी म्हटलं.

"मी कोण?"

ती भारा सावरत वाट पाहत होती.

"शाळेच्या बाई," मी म्हटलं.

"अच्छा, बाई होय," ती म्हणाली आणि पुढे निघाली. मी तिची पावलं ऐकू येईनाशी होईपर्यंत छपरीत उभी होते, मग आत जाऊन भात टाकला.